बावीस नंबरचा माग गेला कुठे?

कर्ण्यातून गाणं वाजलं आणि त्यात माग नव्हता.

बाकी सगळं होतं. केतकीनं संगणकावर बनवलेला शिट्टीसारखा बारीक सूर होता. मधूनच किणकिणणारी घंटा होती. पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो तिनं रेकॉर्ड केलेला बावीस नंबरच्या मागाचा ठेका, खटाक्-खट, खटाक्-खट, साफ गायब! भात वाढला आणि ताटात फक्त मीठ दिसलं, तसं झालं.

साल २०५३. इचलकरंजीतला धोट्याच्या मागांचा शेवटचा कारखाना बंद होत होता. (धोटा म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी.) अठ्ठेचाळीस माग भंगारात जाणार होते. निरोपाच्या दिवशी मालकानं भाषण केलं, ते लांबलं. मग केतकीचं गाणं लावलं, ते आटोपेचना. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी ओरडलं, "अगं, हे तर कुकरची शिट्टी बसल्यासारखं वाजतंय!" आणि सगळा कारखाना हसला.

केतकीची आई, सुवर्णा हावळ, हसली नाही. बावीस नंबरवर तिची तीस वर्षं गेली होती. तिथल्या आवाजानं तिचे कान खाल्ले होते. बारीक आवाज तिला ऐकू येईनासे झाले, चिमणी गेली, घंटा गेली, केतकीची हाक गेली. जाड, खालचे आवाज तेवढे उरले. ठेवणीतली साडी नेसून, कानामागं हात धरून ती पहिल्या रांगेत बसली होती. गाणं संपल्यावरही तिचा हात तसाच. गाणं संपलंय हे तिला कळलंच नव्हतं, कारण सुरू झालेलंच कळलं नव्हतं.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझ्या गाण्यात माझा माग नव्हता गं."

तेरा वर्षांच्या पोरीला यापेक्षा मोठी शिवी कुणी देऊ शकत नाही.

अकरा महिने केतकी एकटीच शिकत होती. शिकवणारं कुणी नव्हतं. शाळेत विचारलं तर सर म्हणाले, "आधी गणितात पास हो." होते ते व्हिडिओ. त्यांत तिच्याच वयाची परदेशी पोरं हसत हसत असं काही वाजवायची, की आपलं बनवलेलं ऐकताना केतकीला डब्यात खडे हलवल्यासारखं वाटायचं. 'प्रयत्न करत राहा' असं सांगणारे पुष्कळ भेटले. कुठं चुकलं हे सांगणारा एकही नाही. नुसता धीर देणाऱ्या लोकांचा मला फार राग येतो. बुडणाऱ्याला काठावरून टाळ्या वाजवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिकाम्या कारखान्यात गेली. चार वाजता भंगाराची गाडी येणार होती. त्याआधी बावीस नंबरसमोर उभं राहून गाणं, आवाज, अकरा महिन्यांचं सगळं काही पुसून टाकायचं आणि पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, हे तिनं रात्रीच ठरवलं होतं.

"पोरी, रडायचं असंल तर बाजूला रड. मागावर पाणी पडलं की गंज चढतो."

हा सात नंबर. छताच्या रुळाला लटकून मागांवरून सरकत फिरणारा यंत्रमानव. काम जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं. अठ्ठेचाळीस मागांच्या गोंगाटात कुठला माग आजारी आहे हे तो नुसत्या कानांनी ओळखायचा. बोलायला बापू नावाच्या एका म्हाताऱ्या जॉबरकडून शिकला होता, म्हणून जीभ अशी. सगळे त्याला मामा म्हणत. आज चारच्या गाडीत तोही जाणार होता.

"आता कसला गंज, मामा? तासाभरात तुकडेच करणार आहेत."

"तासभर हाय न्हवं अजून? माझी ड्युटी चारपर्यंत हाय. हातात काय ते?"

"गाणं. पुसायला आणलंय."

"पुसायच्या आधी मला ऐकव. काल मला बोलावलंच न्हाई कुणी."

केतकीनं संगणकाची तार त्याच्या छातीतल्या भोकात खुपसली. मामा स्थिर झाला. गाणं संपलं तसा म्हणाला, "सूर आला. घंटा आली. माग न्हाई."

"आहे, मामा! मी घातलाय!" तिनं हेडफोन कानाला लावला. खटाक्-खट, खटाक्-खट. डोक्याच्या दोन्ही बाजूंनी, ऐसपैस. "हा काय वाजतोय! मला ऐकू येतो, तुम्हाला नाही, काल शंभर माणसांना नाही. मला वेड लागलंय का?"

"वेड लागायला अक्कल लागती. एक वाटी काढ कानावरची."

तिनं डावी वाटी काढली. उजव्या कानात माग होता. उजवी काढली, डावीत ऐकलं. तिथंही होता.

"म्हंजे डावीकडं माग हाय, उजवीकडं माग हाय, आन् दोन्ही एकत्र केले की न्हाई," मामा म्हणाला. "माझे दोन कान होते. एकाचं सर्किट जळलं तवा बापू जॉबरनं दोन्ही तारा पिळून एकच केली. दोन्हीकडचं मला बेरीज होऊनच येतं. कालचा कर्णा किती तारांचा होता?"

"एकच कर्णा होता. एकच तार." केतकी थबकली. "पण बेरीज केल्यावर वाढायला पाहिजे ना? माग अधिक माग म्हणजे मोठा माग!"

"उजवीकडच्या मागाला काय केलंस?"

"काही नाही. डावीकडचाच उचलून तिकडं ठेवला. आणि..." तिला आठवलं. "एक 'उलट' नावाचं बटण होतं. ते दाबलं की आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटायचा. छान वाटलं म्हणून दाबलं."

"बटण दाबताना ते काय करतं हे इचारलंस?"

"कुणाला विचारायचं होतं?" केतकी एकदम ओरडली. "कोण होतं सांगायला?"

या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांना द्यायचं नसतं.

तेवढ्यात दारातून सुवर्णा आत आली. ती आली होती तिचं फडकं न्यायला. या कारखान्यात एक रीत होती. नव्या माणसाचा पहिला तागा, म्हणजे कापडाचा अखंड पट्टा, हमखास डागी निघायचा, सुतं तुटलेली, मधेच भोकं. तो तागा फेकायचा नाही. त्याचा तुकडा फाडून त्याच मागाला बांधायचा आणि जन्मभर त्यानं तेल पुसायचं. बावीस नंबरला सुवर्णाचं फडकं तीस वर्षं लटकत होतं, तेलानं काळंकुट्ट.

"ताई, बरं झालं आलात!" तिला ओठ वाचता यावेत म्हणून मामा तोंडाच्या जागच्या पडद्यावरचे ओठ हलवत मोठ्यानं बोलला. "तो सुती दोर घ्या. एक टोक तुमी धरा, एक पोरीला द्या. आन् तुमचं फडकं मधोमध बांधा."

"आता खेळ कसला मांडलाय?" सुवर्णा म्हणाली, पण दोर उचलला. इतक्या वर्षांत मामाचं ऐकायची सवयच झाली होती.

मामा शिकवू लागला. "आवाज म्हंजे हवेतली लाट. मागाचा दणका बसला की हवा दाबली जाती, मग ढिली पडती. दाब, ढील, दाब, ढील, अशी ती पुढं सरकत कानापर्यंत येती. दोराला झटका दिला की कसं उंचवटा पळत जातो, तसंच समज. वर गेलेला भाग म्हंजे दाब, खाली गेलेला म्हंजे ढील. आता दोघी एकदमच वरच्या बाजूला झटका द्या. एक, दोन, हां!"

दोन टोकांकडून दोन उंचवटे धावत आले आणि मधे भेटले. फडकं टुणकन दुप्पट वर उडालं.

"ही बेरीज. एक अधिक एक, दोन. आता ताई, तुमी वर झटका द्या. पोरी, तू खाली. जोर सारखाच ठेवा, नेमकं एकदमच."

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आईकडून उंचवटा आला, केतकीकडून खळगा गेला, मधे दोन्ही भिडले, आणि फडकं जागचं हललं नाही. दोर दोन्हीकडं सळसळत होता. मधोमध फडकं मात्र मेल्यासारखं स्वस्थ.

केतकी त्या काळ्या फडक्याकडं बघतच राहिली.

"एक अधिक उणे एक," ती हळू म्हणाली. "शून्य."

"लाट चढणीला हाय का उतरणीला, त्याला कला म्हणत्यात (लाटेची त्या क्षणाची स्थिती). तुझ्या 'उलट' बटणानं चढणीची उतरण केली. हेडफोन म्हंजे स्टीरिओ (दोन कानांना दोन वेगवेगळ्या वाटा). तिथं लाटा भेटतच न्हाईत, म्हणून दोन्ही जगल्या. कर्णा म्हंजे मोनो (सगळ्यांना मिळून एकच वाट). तिथं दोघी समोरासमोर आल्या आन् एकमेकींना खाऊन बसल्या. सूर न् घंटा उलटी केली न्हवतीस, म्हणून त्या वाचल्या."

"म्हणजे मला येत नाही असं नव्हतं?"

"येत न्हवतंच," मामा म्हणाला. "आता एक गोष्ट येती. काल एकबी येत न्हवती."

केतकीनं डोळे पुसले, संगणक उघडला आणि उजवीकडच्या मागावरचं 'उलट' बटण सोडवलं. एवढंच. एका बटणापायी ती अकरा महिने जाळायला निघाली होती.

मामाच्या पोटात पाळी संपल्याचा इशारा देणारा भोंगा होता. त्यातूनच त्यानं गाणं लावलं. खटाक्-खट! खटाक्-खट! मेलेल्या कारखान्याचे पत्रे थरथरले. सुवर्णानं बावीस नंबरच्या लोखंडी चौकटीवर तळहात टेकला. मग कानामागं हात धरला. आणि तिचा चेहरा बदलला.

"बावीसच हाय," ती म्हणाली. "बघ, उजवीकडनं धोटा येताना जरा लंगडतो. तीस वर्सं लंगडतोय मेला." ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. घंटा तिला ऐकू येत नव्हती. सूर तर नाहीच. त्या गाण्यातला तिच्या वाट्याचा तेवढा माग ती ऐकत होती.

केतकी बघत होती. फडकं अजून खाली पडलेल्या दोराच्या मधोमध बांधलेलं होतं. तिनं फडक्याकडं पाहिलं, मग आईच्या कानाकडं.

"मामा, आईच्या कानाजवळ मागाची उलटी लाट सोडली असती तर?"

मामा रुळावरून सरकत सुवर्णाच्या कानाजवळ आला.

"समदा आवाज गेला नसता," तो म्हणाला. "बारीक आवाज न् अचानक येणारे दणके असे सापडत न्हाईत, त्याला कान झाकणारी जाड वाटीच लागती. पण वाटी न् उलटी लाट, दोन्ही मिळून, पुष्कळ झालं असतं. ही विद्या शंभर वर्सांपेक्षा जुनी हाय. इमानातनं उडणाऱ्या पावण्यांना झोप लागावी म्हणून तसले हेडफोन कधीच निघालेत."

"मग इथं का नाही?"

"मला मागाचं दुखणं ऐकायला टांगलं होतं, पोरी. माणसाचं न्हाई. आन् मीबी कधी इचारलं न्हाई."

चारला गाडी आली. माणसांनी आधी रूळ कापला. मामा शेवटपर्यंत सूचना देत होता, "ए, त्या बाजूनं धर, गुडघ्यावर पडंल!" मग तार तोडली आणि तो वाक्याच्या मधेच थांबला. बावीस नंबरचे चार तुकडे झाले. केतकी आणि सुवर्णा दारात उभ्या राहून बघत होत्या. यातलं काहीही कुणी थांबवलं नाही. खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर केतकीनं कालचं बिघडलेलं गाणं उघडलं. पुसायचं बटण समोरच होतं. ते तिनं दाबलं नाही. गाण्याचं नाव बदलून 'फडकं' ठेवलं आणि त्याच्याशेजारी नवीन पान उघडलं.

सोमवारपासून सुवर्णा नव्या कारखान्यात जाणार होती. तिथं धोटा नव्हता, हवेच्या झोतानं सूत पळवणारे माग होते. तेही कान फोडणारेच. तिथं अठरा-वीस वर्षांच्या साठ मुली होत्या, आणि त्यांना अजून चिमण्या ऐकू येत होत्या.

"आई," केतकी तिच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाली, "सोमवारी डब्याबरोबर माझा रेकॉर्डर घेऊन जा. नव्या मागाचा आवाज आण."

"परत गाणं करतीस?"

"गाणंही करीन. पण आधी त्याची उलटी लाट करायचीय. जमणार नाही बहुतेक. पहिली तर डागीच निघेल."

सुवर्णानं पिशवीतून ते तेलकट, काळं फडकं काढलं आणि केतकीच्या हेडफोनच्या दांडीला बांधलं. गाठ दोनदा ओढून बघितली.