वाईच आडनावाची माणसं

"वाईच थांब की गं आई," उर्वी फोनवर म्हणाली, आणि तिच्या पुढे चाललेला उंच माणूस जागीच थांबला.

असा थांबला, की ती त्याच्यावर आदळता आदळता राहिली.

दोन हजार एकवीसचा ऑगस्ट. सिडनीत लॉकडाऊन, आणि टूनगॅबी क्रीक या ओढ्याकाठच्या पायवाटेवर मास्क लावून चालणं हीच काय ती चैन. वॅटलच्या झाडांना पिवळी फुलं आली होती. बारीक भुरभुर चालू होती.

"सॉरी," तो इंग्रजीत म्हणाला. मास्कच्या वर फक्त करडे डोळे. "तू आत्ता... वाईच म्हणालीस?"

"हो. का?"

"तू ओळखतेस त्यांना?"

"कुणाला?"

"वाईच फॅमिलीला."

उर्वीनं आईला नंतर करते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. "वाईच म्हणजे थोडंसं. आमच्या कोल्हापूरकडे म्हणतात. आडनाव नाही ते."

"माझी आजी सारखी 'वाईच थांब' म्हणते. तीन महिने मी या आडनावाची माणसं इंटरनेटवरून पोलंडभर शोधतोय," तो हळूच म्हणाला. "आणि 'थांब' हे त्यांचं गाव असेल, असं मला वाटत होतं."

उर्वी इतकी हसली, की तिच्या चष्म्यावर वाफ धरली.

त्याचं नाव लुकाश. जवळच्याच गिरावीन उपनगरात राहायचा, शाळेत फिजिक्स शिकवायचा. त्याची आजी हालिना अठ्ठ्याऐंशी वर्षांची, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. युद्धात रशियनांनी तिच्या घरच्यांना सैबेरियात नेलं, तिथून ती इराणमार्गे कुठल्यातरी गरम देशातल्या छावणीत पोचली, आणि शेवटी बोटीनं ऑस्ट्रेलियात आली. घरच्यांना एवढंच ठाऊक होतं. आजी त्याबद्दल कधी बोललीच नाही. आता ती इंग्रजी विसरत चालली होती, आणि जे शब्द ओठांवर यायचे ते पोलिश लोकांनाही कळत नव्हते. तिची आई, यानिना, कुठे गेली, कधी गेली, याचा कुठल्याच कागदात पत्ता नव्हता. लुकाशचे वडील ते शोधता शोधताच वारले होते.

त्यानं आजीच्या जुन्या प्रवासी कार्डाचा फोटो दाखवला. गावाच्या रकान्यात शाई फुटली होती. सुरुवातीचा 'व' आणि शेवटचा 'डे' तेवढा शिल्लक.

"वळिवडे," उर्वी म्हणाली. "कोल्हापूरच्या शेजारी आहे. युद्धाच्या वेळी हजारो पोलिश बायका-मुलं तिथे राहिली होती. माझ्या आजोळी सांगायचे."

पाऊस वाढला होता. दोघांपैकी कुणीच छत्री उघडली नाही.

दोघांनी मिळून व्यायाम करायला परवानगी आहे, हे मग दोघांनाही एकदमच आठवलं. रोज साडेचारला, दीड मीटरचं अंतर ठेवून, ती दोघं क्रीकच्या काठानं चालू लागली. त्याच्याकडे आजीच्या शब्दांची वही होती.

"दमानं?"

"सावकाश."

"मग तू दमानं चाल ना. धाप लागते मला."

"तुला धाप लागते? तुझे पाय बघ केवढे लांब आहेत."

"पायांचा प्रश्न नाही तो," लुकाश म्हणाला, आणि लगेच वहीत काहीतरी शोधू लागला. उर्वीनं ओढ्याकडे तोंड फिरवलं... मास्क असूनही.

नर्सिंग होम भेटायला कुणाला आत घेत नव्हतं. आठवड्यातून दोनदा नर्स व्हिडिओ कॉल लावून द्यायची. "तू बोलशील तिच्याशी?" त्यानं एक दिवस विचारलं.

बाकाच्या दोन टोकांना बसून दोघांनी मास्क काढले. उर्वीनं मनात त्याचा एक देखणा चेहरा रचून ठेवला होता. खरा तसा नव्हता. नाक थोडं वाकडं होतं, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. तिला हाच जास्त आवडला.

स्क्रीनवर पांढऱ्या केसांची चिमुकली बाई दिसली.

"आजी, बरं हाय न्हवं? मी उर्वी. कोल्हापूरची."

हालिना स्क्रीनजवळ वाकली. मग दहा वर्षांच्या पोरीच्या आवाजात म्हणाली, "उशीर केलास."

"व्हय. लई उशीर झाला. आजी, तुमची आई कुठं हाय?"

"हळू बोल," हालिनानं ओठांवर बोट ठेवलं. "आई झोपली. दवाखाना... लई ताप. मग कोल्हापूरला माती दिली. मी फुलं ठेवली."

उर्वीनं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. लुकाशनं तो वहीत उतरवून घेतला.

त्याच आठवड्यात उर्वीच्या सांगण्यावरून तिचा भाऊ अजित कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत गेला. पोलिश थडग्यांवरचं शेवाळ खरवडत त्यानं दोन सकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी फोटो आला. यानिना, एकोणीसशे पंचेचाळीस. दगडावर अजितनं ठेवलेली शेवंती.

लुकाशनं फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. वर बघतो तर उर्वी रडत होती.

"बाबा एप्रिलमध्ये गेले," ती म्हणाली. "कोविडनं. विमानं बंद होती. तुझ्या पणजीला फुलं पोचली, आणि मला माझ्या बाबांना..."

वाक्य तिथेच राहिलं. तो उठला, बाकाच्या या टोकाला येऊन बसला आणि तिचा हात हातात घेतला. दीड मीटरचा नियम त्या दिवशी मोडला. त्यानं कसलीही समजूत घातली नाही, म्हणून तिला बरं वाटलं.

ऑक्टोबरच्या शेवटी निर्बंध सैल झाले. लस घेतलेल्या दोघांना आत भेटायची परवानगी मिळाली. रिसेप्शनच्या काचेपुढे उर्वी फॉर्म भरत होती. 'रहिवाशाशी नातं' या रकान्यात तिनं 'फ्रेंड' लिहिलं.

लुकाशनं वाकून बघितलं. "हे थोडं कमी पडतंय."

"मग काय लिहू?"

"मला तू आवडतेस, उर्वी. पहिल्याच दिवशी हसलीस ना, तेव्हापासून. रोज साडेचारपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते माझ्या वर्गातल्या मुलांना विचार." त्याचे कान लाल झाले होते. "हे काचेपलीकडच्या बाईंसमोर बोलायचं नव्हतं."

काचेपलीकडच्या बाईंनी शहाण्यासारखी मान खाली घातली.

"मी डिसेंबरमध्ये कोल्हापूरला जातेय," उर्वी म्हणाली. "आईजवळ. महिनाभर."

"माहितेय."

"तुझी सुट्टी असते ना तेव्हा?"

प्रश्नाचा अर्थ त्याच्या डोळ्यांत हळूहळू उतरला. त्यानं होकाराची मान हलवली, एकदा, मग आणखी एकदा.

उर्वीनं 'फ्रेंड'वर रेघ मारली. वर नीट, सुवाच्य अक्षरात 'फॅमिली' लिहिलं आणि फॉर्म काचेखालून आत सरकवला.