चार वाजता चढणारं पाणी

खोटं वाटेल, पण त्या पाणथळीचं पाणी रोज दुपारी चार वाजता तीन बोटं चढायचं आणि पाच वाजता निमूट उतरायचं. पाऊस नाही, भरती नाही, वरच्या धरणातून जास्तीचा थेंब नाही. कचेरीतल्या कारकुनालासुद्धा असली शिस्त नसते!

ते मोजत होती पाण्याचा अभ्यास करणारी एक शास्त्रज्ञ... काठावरच्या संशोधन केंद्रात तिला सगळे पाणीबाई म्हणत. खोलीत बसून लॅपटॉपवर यंत्राचे आकडे बघताना पहिल्या दिवशी ती दचकली, दहाव्या दिवशी हरखली आणि चाळिसाव्या दिवशी अहवाल लिहून मोकळी झाली: तळाशी गुप्त झरा आहे! केंद्राची संचालक तिची सख्खी आत्या. आत्या म्हणाली, "पाणथळीला स्वतःचा झरा आहे ना? मग धरणातून सोडतो ते पाणी उद्यापासून बंद. शहर कधीचं मागतंय."

काम संपवून केंद्र सोडायच्या आधी झरा एकदा डोळ्यांनी पाहावा, म्हणून चारच्या ठोक्याला ती लॅपटॉप घेऊन काठावर गेली. लव्हाळ्यात एक लाकडी माची होती, तिच्याखाली पाणी मोजायचं यंत्र टांगलेलं. आणि माचीवर पाय सोडून बसलेला एक धिप्पाड तरुण. शेजारच्या इमारतीतला, बेडकांवर संशोधन करणारा.

लॅपटॉपवर आकडा होता... तीन बोटं वर.

"उतरा!" ती ओरडली.

त्याने घाबरून चिखलात उडी मारली. आकडा झर्रकन खाली.

"बसा!"

आकडा वर.

"उतरा!"

पाचव्या खेपेला तो धापा टाकत म्हणाला, "बाई, हा व्यायाम आहे की शिक्षा?"

तिच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. माची वाकली की यंत्र खोल जाई आणि खोल गेलं की त्याला वाटे, पाणी चढलं! झरा कुठला आलाय? होता तो चांगला शंभर किलोचा माणूस!

"इथे काय करता रोज?"

"बेडूक मोजतो."

"भर दुपारी? बेडूक अंधार पडल्यावर ओरडतात. हे मला कळतं, तुम्हाला नाही?"

त्याचे कान लाल झाले. "इथून... तुमची खिडकी दिसते."

ती चिडून म्हणाली, "किती दिवस?"

"असेल... आठवडाभर."

तिने नोंदी उघडल्या. यंत्राला भीडभाड कुठली! "त्रेचाळीस दिवस. मधला एकच दिवस सोडून."

"त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात," तो हळूच म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे उद्या धरणाचं पाणी बंद होणार म्हणतात ते... माझ्यामुळे?"

आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर पंधरवड्यात पाणथळ कोरडी. बोलावं, तर आपल्या हाताने आपलं हसं. तिने आत्याला फोन लावला.

"आत्या, झरा नाही. माझी चूक. माचीवर एक माणूस बसतो."

"माणूस?" आत्याचा आवाज काठापर्यंत ऐकू आला. "चाळीस दिवस? कशासाठी?"

शास्त्रात कारण लपवत नाहीत. "मला बघायला."

"तुला?" आत्या इतकी जोरात ओरडली, की लव्हाळ्यातला बगळासुद्धा मान वळवून बघू लागला. मग आत्या म्हणाली, "धरणाचं पाणी चालू ठेवते. तुझा अहवाल रद्द. मोजणी पहिल्यापासून, दोन वर्षं. आणि त्या माणसाला सांग, केंद्राचं सामान वाकवलंस म्हणून संचालकांनी बोलावलंय."

तिने फोन ठेवला. "सगळी मेहनत पाण्यात. आणखी दोन वर्षं याच चिखलात!"

"दोन वर्षं?" तो म्हणाला, आणि गुडघाभर चिखलात उभा असून असा उजळला, की ती बघतच राहिली.

"आनंद झाला तुम्हाला?"

"लाज वाटते सांगायला... पण फार."

रागावायचं ठरवून तिने तोंड उघडलं, आणि तिलाच नवल वाटलं, राग सापडेना.

"उद्यापासून या माचीवर पाऊल ठेवायचं नाही."

"मग..." त्याचा आवाज बसला. "मग मी कुठे बसू?"

"माझ्या खोलीत," ती लॅपटॉप मिटत म्हणाली. "दुसरी खुर्ची आहे. मजबूत आहे की नाही... ते बसून बघा."