लिव्हर कोणी सोडला

पोट्टेहो, मले सांगा, अंधारात भरोसा कोनावर ठेवाचा? मशीनवर, का जोडीदारावर? घाई नोको. आधी देवीदास मिस्त्रीचं ऐका. माणूस माझ्या ओळखीचा, इंजिन माझ्याच हथखोजच्या गोदामातलं, जिथून मी पंप भाड्याने देतो. इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नव्हे ही.

गेल्या वर्षीची विश्वकर्मा पूजा, सतरा सप्टेंबरची रात्र. त्या दिवशी भिलाईत मशीनला कोणी हात लावत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. सगळे पंप हार घालून कुलपात. आणि तिकडे अहिवाऱ्याजवळ, चुनखडीच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात देवीदासचा जोडीदार तेजराम. मासे धरायला गेला, पाय घसरला. पाणी दुधासारखं पांढरं. बुड्या मारून गोताखोर हात हलवत परतले. त्याची बायको ठकूबाई काठावरून हलेना. भटजींनी समजावलं, देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देता येतो. ती म्हणाली, "इतकी वरसं मानसासंग राहिली, आता पानाले आग देऊ काय?"

हे ऐकलं आणि देवीदासने पूजा बाजूला ठेवली. खड्डा उपसायचा. कुलपाबाहेर होतं ते पंपाचं एक जुनं, हँडल मारायचं इंजिन, त्याच्या बापाच्या वयाचं. असलं इंजिन म्हणजे दोघांचं काम. एकाने दोन्ही हातांनी हँडल फिरवायचं, चाकाने वेग धरला की "सोड" म्हणायचं, आणि दुसऱ्याने वर उभा ठेवलेला लिव्हर खाली पाडायचा. वेळ चुकली की हँडल उलटं फिरतं, हाड मोडतं. देवीदासचा लिव्हर आजवर तेजरामनेच सोडला होता.

त्या रात्री लिव्हरवर इंजिन आणणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर बाबुलाल. तेलाने बोटं घसरत होती, म्हणून देवीदासने पूजेत मिळालेला कोरा हिरवा गमछा फाडला, पट्टी लिव्हरला घट्ट बांधली. पहिल्याच खेपेला बाबुलालने घाई केली. हँडल उसळून देवीदासच्या कोपरावर बसलं.

"तुले कोनं सांगतलं सोडाले?"

"भैया, मेरे से नहीं होगा. जो सोडत होता, तोच खाली हाये. मले भेव लागून राहिला."

तो गाडीत जाऊन काचा लावून बसला.

देवीदासने टॉर्च दातात धरली. डिझेल पाहिलं. होतं. नळीत हवा असेल म्हणून स्क्रू ढिला केला. बुडबुडे निघून गेले, पुन्हा आवळला. हळू फिरवून कान दिला. इंजेक्टर कुरकुरला, म्हणजे डिझेल आत पोचत होतं. इंजिनात खोट नव्हती. माणूस कमी होता.

एक हात हँडलवर, एक लिव्हरवर. वेगच धरेना. पुन्हा. पुन्हा. पलीकडच्या काठावर ठकूबाई. जागची उठली नाही.

मग त्याने दोन्ही हात हँडलला घातले, लिव्हरवर कोणीच नाही. काहून, ते त्यालाही सांगता येत नाही. चाक घुमू लागलं. टॉर्च तोंडातून पडली, विझली. ओल्या चुन्याचा वास आला... अगदी जवळून.

सवयीने तोंडून गेलं.

"सोड."

...

टक्क.

इंजिन धडधडलं. पाणी उपसायला लागलं.

देवीदासने मागे पाहिलं नाही. चाचपून टॉर्च उचलली, लिव्हरवर धरली.

पट्टी नव्हती.

उजाडता उजाडता मी डिझेल घेऊन पोचलो. बाबुलाल गाडीत झोपलेला. विचारलं, "देवीदास, रातची मजुरी किती मानसाची धरू?"

"दोघांची."

"तू आन् बाबुलाल?"

त्याने मान हलवली. नाही.

दुपारी पाणी उतरलं. तेजराम कपारीत अडकला होता. ठकूबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. उजवी मूठ आवळलेली, उघडेना. बोटांच्या फटीतून हिरवं टोक... देवीदासने खांद्यावरचा गमछा त्याला लावून पाहिला. फाटलेली कड धाग्याला धागा जुळली.

मूठ तशीच ठेवून अग्नी दिला. मजुरी दोघांची दिली. तेजरामची ठकूबाईच्या हातात.

उद्या तुम्हीही दुकानावर बसाल, पोट्टेहो. तवा हिशेब खरा ठेवजा. ज्याचा हात लागला, त्याले त्यातून गाळू नोका.