उजवीकडून डावीकडे

शंभर टक्के. काम पूर्ण झाले.

पडद्यावर अरबीत एवढंच होतं. रावयाने नवी डिस्क उघडली. रिकामी. जुनी उघडली. तीही रिकामी.

एकशे अठरा रेकॉर्डिंग होती त्यात. जाळी ओढताना अन्फूशी बंदरावरचे कोळी म्हणतात ती गाणी. गाणाऱ्यांपैकी चौघे आता हयात नाहीत. रविवारपर्यंत ती परदेशात, मार्सेयला पोचली नाहीत, तर तिथल्या विद्यापीठातली तिची जागा गेली.

आज शुक्रवार.

"शुक्री!" ती अशी ओरडली की खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

भाऊ प्लास्टरातला पाय ओढत आला. "मी हात नाही लावला."

"काल कोण म्हणालं, एकटी कशी जातेस ते बघतो?"

"म्हणालो. रागात."

"सगळे नमाजला गेले तेव्हा घरात तूच होतास!"

"लंगडा म्हणून घरी राहिलो, तर लगेच चोर?"

वहीद मधे पडला. तिचा होणारा नवरा. लॅपटॉपच्या जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला तोच सकाळपासून स्क्रूड्रायव्हर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला होता.

"त्याला नको बोलूस. चूक माझी. बाण होता डावीकडून उजवीकडे, आपली सवय उजवीकडून. उलटं झालं. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली." आवाज इतका मऊ की रावयालाच लाज वाटली. "आता निदान जुन्या डिस्कवर विंडोज टाकून देतो. लॅपटॉप तरी चालू होईल."

त्याने पेनड्राइव्ह उचलला.

"हात काढ."

दारात इन्शिराह मावशी. हातात मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवलेली बाई.

"कॉपी कधी सुरू केलीस?"

"नमाजला निघताना."

"बाण स्वतः पाहिलास?"

"पाहिला ना. डावीकडून उजवीकडे."

"आणि प्रोग्रॅम अरबीत कोणी केला?"

वहीदने पेनड्राइव्ह खाली ठेवला. शुक्रीच म्हणाला, "यानेच. सकाळी. म्हणाला, आता तुलाही वाचता येईल, लक्ष ठेव."

मावशीने पातेलं टेबलावर ठेवलं. एक कळ दाबली. प्रोग्रॅमचं पहिलं पान आलं.

मूळ डिस्क

उजवीकडे.

बाण.

नवी डिस्क

डावीकडे.

"भाषा अरबी केली की पानही फिरतं, मास्तर. सवयीने हात गेला असता तर सगळं बरोबर झालं असतं. तुला सवय मोडावी लागली. जो बाण तू पाहिलास म्हणतोस, तो या पानावर नाहीच. आधी शुक्रीवर संशय, मग तुझा मोठेपणा. वा!"

"मावशी, तुम्ही काहीही..."

"मग विंडोजची घाई कसली? रिकामी डिस्क उतरवायला चार मिनिटं लागतात. पुसली जाते ती फाइलींची नुसती यादी. गाणी खाली तशीच आहेत. वर विंडोज बसलं की गाडली जातील. तुला ते ठाऊक होतं."

वहीदने रावयाकडे पाहिलं. आवाजातला मऊपणा गेला होता. "गेलीस तर परत येणार नाहीस. फ्लॅट घेतला. सोफा आणला. लोकांना काय सांगू?"

"तो कोळी, अबू सरीअ, माझ्यासमोर खोकत खोकत गायला," रावया म्हणाली. "दोन महिन्यांत गेला. त्याचा आवाज तू सोफ्यासाठी पुसलास?"

"रावया—"

"त्या सोफ्यावर एकटाच बस."

शुक्रीने कुबडीने दार उघडून धरलं. वहीदचा स्क्रूड्रायव्हर टेबलावरच राहिला.

मावशीने जुनी डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि पुसलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्रॅम लावला. मुलुखिया गार झाली. कोणी जेवलं नाही.

"माझी माफी?" शुक्रीने विचारलं.

"मागते. पण काल तू जे बोललास त्याची तूही मागायची."

त्याने नजर खाली केली. रावयाने खुर्ची मावशीच्या लॅपटॉपजवळ ओढली.

तीन टक्के परत आलं होतं. मावशीने पहिली फाइल लावली.

आधी खोकला ऐकू आला. मग दोर ओढल्याचा आवाज. मग अबू सरीअ.