पाझराची वेळ

"ते कंप्युटरवालं गाढव कुठं बसतं?"

टँकर कचेरीच्या जिन्यात रूपालीनं समोर आलेल्या तरण्या पोराला अडवलं. दुष्काळाचं वर्ष होतं. शहर पडेगावच्या पुढं सरकलं होतं, नळ मात्र मागंच राहिले होते.

"का? काय केलं त्यानं?"

"रोज सकाळी सहाला मशीन गोठतंय! पडेगावच्या विहिरीवर मी नोंदी घेते. नोंद झाल्याबिगर टँकर सुटत नाय. आज चाळीस टँकर खोळंबले. वस्तीतली चतुराबाई घागरी मांडून बसली, अन् शिव्या मला! मुकादम म्हणतो, आणखी एकदा असं झालं की तू घरी."

पोरगा ओशाळला. "ते गाढव... मीच. अभय."

रूपाली गडबडली — पण क्षणभरच. "मंग सहाचाच मुहूर्त सापडला?"

"खोडलेल्या, बदललेल्या नोंदींचा कचरा साचतो. काढला नाही तर मशीन रोज मंद होत जातं. कचेरी दहाला उघडते, म्हणून मी सहाला सफाई..."

"कचेरी दहाला उघडती, तहान नाय! पंगत बसल्यावर कुणी झाडू मारतं व्हय?"

त्याला हसू फुटलं. तिला त्या हसण्याचा राग आला... आणि गालावरची खळी लक्षात राहिली, याचा तर लईच.

दुसऱ्या दिवशी सफाई थांबवून तो भल्या सकाळी विहिरीवर हजर. दुपारी एकला पंप बंद झाले.

"आता?"

"आता पाझरानं विहीर भरू द्यायची. तीनपर्यंत एकही टँकर भरत नाय. एवढंही ठाऊक नाय?"

"कुणी सांगितलं नव्हतं."

"विचारायला आला होता कुठं?"

त्यानं तिथंच सफाई एक ते तीनमध्ये बसवली. तीही थोडी थोडी, मध्येच नोंदी वाढल्या तर आपोआप थांबणारी. मग पडताळणी म्हणून तो रोज येत राहिला. सकाळचे टँकर धडाधड सुटू लागले. मुकादमाचं तोंड बंद झालं.

आठव्या दिवशी अभयनं लॅपटॉप मिटला. "झालं. आता कचेरीतूनच दिसेल सगळं."

"असं?" तिचा आवाज चढला. "काम सरलं, चालला माणूस! आमची ओळख नोंदीपुरतीच व्हय?"

"काम तर तिसऱ्या दिवशीच सरलं होतं," तो हळूच म्हणाला. "पुढचे पाच दिवस... तुमच्यासाठी."

"पाच दिवस! अन् तोंड शिवलं होतं काय?" रूपाली उसळली. "मी आईला कधीचंच सांगून बसले—"

तिनं जीभ चावली.

"काय सांगितलंत?"

"की पोरगा मागणी घालायला येणार हाय," ती डोळे वटारून म्हणाली. "आता तिच्यापुढं मला खोटी पाडता का?"