एकशे चार अंशांची हवा

काल घाट झोकात चढलेली गाडी आज तिसऱ्याच वळणावर खडखडू लागली. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. पेट्रोल तेच, घाट तोच, चालवणारे सुभानकाकाही तेच. मग बिघडलं काय?

सन २०६१. कोल्हापुरात रस्तोरस्ती विजेच्या गाड्या. जुन्या पेट्रोलच्या गाड्या फक्त दसऱ्याच्या शर्यतीला पन्हाळ्याच्या घाटात उतरत. शर्यत उद्यावर आलेली, आणि तपासनीस यंत्रमानव भिंगऱ्याने निकाल देऊन टाकला, "इंधनात भेसळ. शक्यता सत्त्याण्णव टक्के."

इंधन भरायचं काम बारा वर्षांच्या रेवतीचं. काकांनी तिचं नाव संघातून खोडलं.

"पोरीच्या हातात दिलं, तितंच चुकलं," ते म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिने ते पेट्रोल स्वतः दोनदा गाळून भरलं होतं. रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

ती तडक अप्पाआजोबांकडे गेली. ते इंजिनांचे शास्त्रज्ञ. या चिमुकल्या गाडीला सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात कोंबणारं यंत्र) त्यांनीच बसवला होता.

"मी भेसळ केली नाही," ती म्हणाली.

"मग सिद्ध कर," म्हणत त्यांनी तिच्या हाती सायकलचा पंप दिला. "तोंड दाबून धर आणि मार."

वीस वेळा दट्ट्या खाली रेटला तोच पंपाचं बूड चटका देऊ लागलं.

"हवा दाबली की तापते," आजोबा म्हणाले. "सुपरचार्जर तेच करतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणून ताकद वाढते. पण ती तापलेली हवा इंजिनातला दट्ट्या पुन्हा दाबतो. आधी तो अकरा पट दाबायचा, मी ते नऊ पटींवर आणलं. तरी हवा फार गरम आत गेली, तर ठिणगीची आग पोचण्याआधीच कोपऱ्यातलं इंधन आपसूक पेटतं. तोच हा खडखडाट. असंच चालू राहिलं तर दट्ट्याला भोक पडेल."

"म्हणजे चांगल्या पेट्रोलनेही गाडी वाजेल?"

"हवा तापली तर वाजेल. म्हणून वाटेत इंटरकूलर (दाबलेली हवा निववणारी जाळी) लावलाय."

रेवती पंप हातात घेऊनच धावत गाडीपाशी आली. "भिंगऱ्या, इंजिनात शिरणारी हवा काल किती गरम होती?"

"पन्नास अंश."

"आणि आज?"

"एकशे चार."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

रेवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. आकडा याच्या पोटात, आणि शिक्षा तिला. ती गाडीच्या पुढे गेली आणि थबकली. आज खंडेनवमी. सकाळी पूजा झाली होती, आणि गाडीच्या तोंडावर झेंडूचा हातभर जाड हार दोन पदरी बांधला होता. बरोबर इंटरकूलरच्या जाळीवर. वारा आत शिरायला फट नव्हती.

"हार कुणी बांधला?" तिने विचारलं.

सुभानकाका खाली बघू लागले. "शर्यतीच्या गाडीला बारका हार शोभतो व्हय? म्हणून मीच..."

रेवतीने हार सोडून मागच्या बाजूला बांधला. काका घाटात एक फेरी मारून आले. सगळी वळणं झाली, खडखडाट नाही. "एक्कावन्न अंश," भिंगऱ्या म्हणाला.

काकांनी सगळ्यांसमोर वहीत तिचं नाव पुन्हा लिहिलं. "चुकलं माझं, बाळ. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

"पूजेचा राग नाही, काका. काल आणि आज यात काय बदललं, हे एकानेही विचारलं नाही, त्याचा आहे."

"मला फक्त इंधनाबद्दल शिकवलं आहे," भिंगऱ्या हळूच म्हणाला.

रेवतीचा राग अजून उतरला नव्हता. तरी तिने सायकलचा पंप उचलून त्याच्या हातात दिला.

"तोंड दाबून धर," ती म्हणाली, "आणि मार."