रुमालाखालची चार बोटं

चाबूक बद्रूच्या पाठीवर पडायचा तो गाडीच्या चाकावर पडला, इतकंच. गाडीवानानं उगारला होता तो गाडीवर चढलेल्या बद्रूसाठीच. उमरावतीच्या कापूसबाजारात सकाळपासूनची ही सातवी गाडी होती आणि सातवी शिवी. खाली सूर्यभान पोतं पसरून उभा होता. त्याची धाकटी बहीण कौशल्या कमरेवर हात ठेवून गाडीवानाला सांगत होती की बाजाराच्या पंचांचा हुकूम आहे, गाडीमागे एक कव कापूस शाळेला द्यायचाच.

"शाळा म्हणे," गाडीवान थुंकला. "पोट्टे शिकून काय बैलाले पाढे शिकवतीन?"

"बैलाले शिकवणं सोपं जाईन," कौशल्या म्हणाली. "तुमी कव द्या, मंग आमी जातो."

आजूबाजूचे हसले, त्यामुळे गाडीवान आणखीच पेटला. पण पंचांचं नाव निघालं होतं. दोन हातांच्या कवेत मावेल तेवढा कापूस त्यानं पोत्यावर फेकला. दिला म्हणायची सोय नव्हती, फेकलाच.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. बैलांच्या शिंगांवर चांदीची टोपणं चढली. काल ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो आज जरीचा फेटा बांधून मिरवत होता. आणि एवढ्या पैशात लोळणाऱ्या त्या बाजारात शाळेसाठी कवभर कापूस मागितला की कपाळं आठ्यांनी भरून जायची. ज्याच्या घरी जास्त, त्याच्या आठ्या जास्त. असली माणसं असतात बरं, आणि ती कधी संपत नाहीत.

शाळा भरायची देवळाच्या ओसरीत. पंतोजी एक, मुलं तीस. त्यातली एकोणतीस ओसरीत आणि बद्रू बाहेर. नबी पिंजाऱ्याचा मुलगा देवळात घ्यायचा नाही, असं देवळाच्या कारभाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. मग बद्रुद्दीन पायऱ्यांखाली उन्हात बसून पाढे म्हणायचा, आणि तिथून ओरडून सगळ्यांच्या आधी उत्तर सांगायचा. दोन वर्षं हे चाललं. यंदा नबी म्हणाला, पुरे. संक्रांतीपर्यंत शाळेच्या स्वतःच्या घराची सोय दिसली तर ठीक, नाहीतर पोरगं माझ्याबरोबर धुनकी घेऊन गाद्या पिंजायला येईल. उन्हात बसवायला माझं लेकरू काय वाळवण आहे? नबीचं काही चुकत नव्हतं, आणि सूर्यभानला तेच सलत होतं. बद्रू त्याचा जिवाचा दोस्त. तो धुनकीवर गेला की सूर्यभानला ओसरी खायला उठणार होती.

घर बांधायला सहाशे रुपये हवे होते. दसऱ्यापासून पोरांनी कव कव करून कापूस जमवला. शेजारच्या माणिकबाईनं गल्लीतल्या बायांना हाताशी धरून फुकट सरकी काढून दिली. बद्रूच्या आईनं, हलीमाबीनं, पोती निळ्या दोऱ्यानं शिवली. अशी दोन खंडी रुई झाली. ती विकायचं काम मात्र खुशालरावांकडे होतं, कारण ते शाळेच्या फंडाचे मुख्य. मोठं पागोटं, मोठा आवाज, आणि आपण किती दान करतो हे सांगायची त्याहून मोठी हौस. पहिली खंडी त्यांनी गेल्या आठवड्यात अकोल्याच्या पुंजाराम आडत्याला विकली आणि पंतोजींच्या हातावर दोनशे रुपये ठेवले. माल कवडी निघाला म्हणाले, सगळा डागाळलेला. दुसरी खंडी संक्रांतीच्या दिवशी विकायची होती. तीही दोनशेला गेली तर चारशेच होणार आणि बद्रूची शाळा संपणार. दुसऱ्या खंडीत एक पोतं कमी होतं. सणाची सुट्टी लागल्या लागल्या तिघं त्यासाठीच बाजारात फिरून शिव्या खात होते.

पोतं भरलं तेव्हा दुपार कलली होती. ते ओढत नेताना पुंजारामाच्या इथल्या वखारीपाशी बद्रू एकदम थांबला. आत पोत्यांची उंच थप्पी लागली होती आणि तिच्यातल्या कितीतरी पोत्यांची शिवण निळी होती. आईच्या हातचा टाका त्यानं लगेच ओळखला. तो सुळकन आत शिरला, पोत्याच्या तोंडातून चिमूटभर रुई ओढली आणि दोन अंगठ्यांत धरून ताणून पाहिली. पिंजाऱ्याच्या पोराला रुई कळायला वेळ लागत नाही.

"कवडी कायची बे," तो पुटपुटला. "अस्सल बनी कापूस हाये. असा लांब धागा माह्या अब्बाले वर्षात एखाद्या वेळेस भेटते."

तेवढ्यात राखणदारानं त्याचा कान धरला. चारशेवाल्या मालाला कोणी हात लावायला सांगितलं, चोरा, असं खेकसत त्यानं बद्रूला दारापर्यंत फरफटत आणलं आणि बाहेर ढकलून दिलं. बद्रूचा कान लाल झाला, गुडघा फुटला. पण तिघांनीही शब्द नीट ऐकला होता. चारशेवाला माल! मग पुंजारामानं खुशालरावांना गंडवलं, की दोघांनी मिळून शाळेला?

हे एका माणसाला नक्की माहीत होतं आणि तो माणूस सूर्यभानच्याच घरी जेवत होता. त्याचा बाप नत्थुजी कापसाचा दलाल होता. उमरावतीत भाव तोंडानं कोणी बोलत नसे. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा उजवा हात धरत, दलाल वरून रुमाल टाकी, आणि रुमालाखाली बोटं बोलत. दोन बोटं धरली तर खंडीला दोनशे, चार धरली तर चारशे. बघणाऱ्यांना रुमाल हलताना दिसायचा, बाकी काही नाही. मग विकणारा आपल्या माणसांना सांगेल तो भाव. शाळेच्या पहिल्या खंडीवर रुमाल टाकला होता तो नत्थुजीनंच.

संध्याकाळी सूर्यभाननं बापाला सरळ विचारलं, त्या दिवशी किती बोटं धरली होती. नत्थुजीचा घास तोंडापाशीच थांबला. पोरावर कधी हात न टाकणाऱ्या त्या माणसानं सूर्यभानच्या थोबाडीत दिली.

"रुमालाखालचं रुमालाखाली राह्यते," तो म्हणाला. "मी तोंड उघडलं तं उद्यापासून मले कोण बोलावन? तुमी काय खासान, शाळा?"

सूर्यभान रडला नाही. पण गालापेक्षा आत कुठेतरी जास्त लागलं, हे त्यानं कौशल्यापाशी कबूल केलं. बाबांना माहीत होतं. बद्रू उन्हात बसतो हे माहीत असून बाबा गप्प बसले होते. दोघांचं त्यावर एकच मत पडलं की ज्या अर्थी मारलं त्या अर्थी चारच.

आता हे बाजाराला दाखवायचं कसं? पंतोजींकडे जाऊन उपयोग नव्हता, ते आधीच घाबरट. पोरांच्या शब्दाला कोण विचारतो? बद्रू म्हणाला, रुमालाखाली डोळे जात नाहीत, विषय संपला. कौशल्या नखं कुरतडत बसली होती. मग म्हणाली, डोळे नाही जात, पण रंग जातो ना. खुशालरावांच्या पंजाला रंग असला तर ते पुंजारामाची जेवढी बोटं धरतील तेवढीच रंगतील. आणि पंजाला रंग लावायला खुशालराव स्वतःच हात पुढे करतील, त्याची काळजी नको.

संक्रांतीच्या सकाळी बाजार गच्च भरला होता. दानाचा दिवस पाहूनच खुशालरावांनी ही वेळ निवडलेली. ते पुंजारामाजवळ पोचतात न पोचतात तोच कौशल्या समोर आली. तिच्याबरोबर सुताराकडून आणलेली सागवानी फळी आणि मारुतीच्या शेंदराची वाटी होती, शेंदरात तेल चांगलं सढळ हातानं घातलेलं. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विनंती केली की ही फळी शाळेच्या दारावर बसायची आहे, तिच्यावर आमच्या मोठ्या दात्याचा पंजा उमटावा. गर्दीत कुणीतरी वा वा म्हणालं. झालं! खुशालराव फुलून गेले. त्यांनी बाही सारली, वाटीत पंजा बुडवला आणि फळीवर ठसठशीत उमटवला.

मग त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. कौशल्यानं भोळा चेहरा करून विचारलं की मारुतीचा शेंदूर बाजाराच्या धुळीत सांडला तर चालतो का. लोक बघत होते. खुशालराव धार्मिक माणूस, म्हणजे लोक बघत असले की. त्यांनी हात रुईच्या बोळ्याला पुसला आणि घाईनं सौद्याला बसले. पण तेलातला शेंदूर बोळ्यानं निघाला असता तर मारुती कधीच उघडा पडला असता.

नत्थुजीनं रुमाल टाकला. त्यानं सूर्यभानकडे पाहिलं नाही. ठरवलेलाच सौदा, त्यात घासाघीस कसली? हात एकदा धरला, सुटला, रुमाल उचलला गेला. खुशालरावांनी उसासा टाकून पंतोजींना सांगितलं की याही खेपेस माल हलकाच, मोठ्या मुश्किलीनं दोनशे मिळाले. पंतोजींनी मान खाली घातली. गर्दीच्या कडेला नबी उभा होता. त्यानं बद्रूला हातानं बोलावलं, चल घरी म्हणून.

बद्रू जागचा हलला नाही. सूर्यभान मात्र हलला. तिळगुळाची वाटी घेऊन तो पुंजारामापुढे उभा राहिला आणि सण आहे, घ्या म्हणाला. सणाचा तिळगूळ कोण नाकारतो? पुंजारामानं उजवा हात पसरला.

चार बोटं शेंदरानं माखली होती. अंगठा स्वच्छ होता.

तो हात वाचायला शाळेत जावं लागत नव्हतं. सगळा बाजार तीच भाषा बोलणारा. आधी पुढची रांग गप्प झाली, मग मागची. पुंजारामानं मूठ मिटली, पण उशीर झाला होता. खुशालराव मात्र मुरलेले. ते हसून म्हणाले, मी चार मागितले, हा दोनला अडून बसला, शेवटी सुटलं दोनला, यात काय नवल? आणि मग पोरांवर घसरले. पिंजाऱ्याचं कार्टं आणि दलालाची पोरं आता मोठ्यांचे रुमाल उचलणार का? चार लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी बद्रूला धक्का देऊन मागे लोटलं. पोरांना झोडा, असंही एक जण म्हणाला.

आता एकच माणूस उरला होता. सूर्यभान बापाकडे वळला. काय बोलायचं ते त्यानं रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"बाबा," तो म्हणाला, "तुमीच सांगा."

नत्थुजी रुमालाची घडी घालत होता. ती घातली, पुन्हा उलगडली. समोर अख्खा बाजार होता, ज्याच्या जिवावर त्याची चूल पेटायची, आणि पोराच्या गालावर त्याचीच बोटं अजून पुसटशी दिसत होती. शेवटी त्यानं रुमाल खुशालरावांच्या मांडीवर टाकला.

"माही दलाली चारशेवर ठरली हाये," तो म्हणाला. "मागच्या खंडीचीबी चारशेवरच भेटली. पंचाईनं लिहून घ्या."

मग जो गलका उठला तो विचारू नका. ज्यांनी एकेक कव देताना शिव्या मोजल्या होत्या, ते गाडीवान आता आमचा कापूस, आमचं दान म्हणून सर्वांत मोठ्यानं ओरडत होते. वरचे पैसे मी माझ्या नावानं देणगी म्हणून देणार होतो, असं खुशालरावांनी सांगून पाहिलं. त्यावर माणिकबाई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. पंचांनी दोन्ही खंड्यांचे राहिलेले चारशे जागेवर वसूल केले आणि खुशालरावांना फंडावरून काढलं. पंजाची फळी कौशल्यानं त्यांनाच देऊन टाकली.

पंतोजींनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला आणि मी घाबरलो होतो रे, एवढंच म्हणाले. नबीनं कौशल्याच्या डोक्यावरून हात फिरवला. संध्याकाळी नत्थुजी ओट्यावर बसला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याला रुमालाला कोणी बोलावणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं आणि सूर्यभानलाही. सूर्यभान भीत भीत शेजारी जाऊन बसला.

"माह्या धंद्याची माती केली तू," नत्थुजी म्हणाला. मग त्यानं पोराचा गाल अंगठ्यानं चोळला. "बरं केलं. मले नसतं जमलं."

जागा घेतली, पाया आखला, पण भिंतींना अवकाश होता. गवंडी सगळे बडनेऱ्याकडे रेल्वेच्या कामावर गेलेले. पंतोजींना धीर धरवेना. महिनाभरानं त्यांनी आखलेल्या पायाच्या आतच शाळा भरवली. तीसपैकी सतराच मुलं आली. बाकीच्यांच्या घरच्यांनी पिंजाऱ्याशेजारी पोरगं बसवायचं नाही म्हणून सांगितलं होतं. छप्पर नव्हतं, ऊन मी म्हणत होतं, आणि सतराच्या सतरा मुलांचे डोळे मिचमिचत होते. बद्रू आखलेल्या रेघेच्या बाहेर उभा राहिला, सवयीनं. सूर्यभाननं सरकून जागा केली. बद्रूनं रेघ ओलांडली आणि पहिल्या रांगेत बसला. मग पंतोजींनी पाढे सुरू केले, आणि ऊन सगळ्यांनाच लागलं.